ओटीचं रजिस्टर

आमच्या हॉस्पिटलनं एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं, मानांकन घ्यायचं ठरवलं आणि डॉक्टरांच्या फायली तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. निम्म्या पेठेची अपेंडिक्स ज्यांनी काढली, त्या सरांना ‘डिग्री दाखवा’ म्हणायचं! माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशनही त्यांचंच.

मूळ कागदपत्रांचा 2019च्या पुरात शाहूपुरीतल्या घरी लगदा झालेला. पण सर मिरजेला शिकले ते नाशिकचं आरोग्य विद्यापीठ 1998 साली निघण्याच्या कितीतरी आधी. मिरजेचं कॉलेज तेव्हा शिवाजी विद्यापीठाकडे होतं, त्यामुळे पडताळणी इथंच, कोल्हापुरात झाली. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी चालू, डॉक्टरांनी शिकत राहावं म्हणून लागणारे पाच वर्षांचे 30 क्रेडिट पॉइंटही पुरे.

अडलं प्रिव्हिलेजच्या यादीवर. या हॉस्पिटलात कुठली ऑपरेशनं स्वतंत्रपणे करणार, त्यावर टिक करायची. डिग्री तीच असली तरी यादी ज्याची त्याची वेगळी. सरांनी सरसकट टिक केलेली, दुर्बिणीतून पित्ताशय काढण्यावरसुद्धा.

ही यादी मंजूर करणाऱ्या समितीत पाच जण. दोघे सरांचे विद्यार्थी, एक व्याही. सरही समोरच बसलेले. ज्याचा विषय त्यानं बाहेर थांबायचं असतं, पण हे त्यांना सांगणार कोण? चहा झाला, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का यावर बोलून झालं. फाईल कुणी उघडेना. सह्या करून मोकळं व्हावं असं मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

शेवटी भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, “सर, गेल्या वर्षी दुर्बिणीतून किती केलीत?”

सर गप्प. मग स्वतःच फोन उचलला. “सिस्टर, ओटीचं रजिस्टर घेऊन या.” चष्मा लावून ऑपरेशन थिएटरच्या त्या नोंदवहीचं एकेक पान उलटलं. पाच नोंदी. त्यातल्या तीन पोट उघडून पुऱ्या केलेल्या.

“उघडावं लागणं म्हणजे चूक नव्हे,” सर म्हणाले.

खरंच होतं. अडलं की वेळीच उघडणाराच शहाणा सर्जन.

“पण पाचात तीन, सर...” मॅडम म्हणाल्या.

व्याही खिडकीबाहेर बघायला लागले.

ठरलं ते असं: बाकी सगळं पूर्वीसारखं, दुर्बिणीतली पुढची दहा ऑपरेशनं त्या दोघांतल्या एका विद्यार्थ्याच्या देखरेखीखाली. शिक्षा आपल्यालाच झाल्यासारखा त्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. सरांनी टिक खोडली, शेजारी सही केली.

तारीख घालायची राहिली. ती मागायला जायचं धाडस मला दुसऱ्या दिवशी झालं.

“आता आणि काय रे?” पेन काढत ते म्हणाले. तारीख घातली. “वडिलांची हर्नियाची जागा काय म्हणतेय?”