क्रीडमूरची नोंदवही : मझल ब्रेक बसवायचा का?

बेडिंग (रायफलची यंत्रणा दस्त्यात घट्ट बसवणं) झालं, ट्रिगरही मनासारखा लागला. आता नळीच्या टोकाचा प्रश्न उरलाय: तिथे मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला सोडून धक्का कमी करणारा भोकांचा तुकडा, बसवायचा का? रायफल ६.५ क्रीडमूर (हे काडतुसाचं नाव), बोल्ट अ‍ॅक्शन, २४ इंची बॅरल. टोकाला कारखान्यातूनच ५/८-२४ चे (५/८ इंच व्यास, इंचाला २४) आटे पाडलेले आहेत आणि त्यांवर सध्या नुसती टोपी आहे. स्कोप आणि बायपॉड (पुढचे दोन पाय) यांसकट वजन १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास.

आधी हिशेब. हिशेबापुरती १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅम) गोळी, सेकंदाला २७१० फूट वेग आणि साडेएकेचाळीस ग्रेन दारू धरली. रायफल मागे येते ती गोळी आणि तिच्यामागून सुटणारा वायू या दोघांमुळे. वायूचं वजन गोळीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, पण त्याचा वेग सेकंदाला ४७०० फुटांच्या आसपास धरतात. त्यामुळे धक्क्यातला तिसरा हिस्सा एकट्या वायूचा निघतो. ब्रेकच्या हाती लागतो तो एवढाच; गोळीचा वाटा कुठल्याच ब्रेकला टाळता येत नाही. चांगला ब्रेक वायू बाजूला सोडताना थोडा मागेही वळवतो, त्यानं रायफल पुढे ओढली जाते आणि कपात तिसऱ्या हिश्शाच्याही वर जाते.

बिनब्रेकचा धक्का पावणेनऊ फूट-पौंडांच्या आसपास आला. याच वजनाच्या, पण ३०० विन मॅग या जास्त दणकट काडतुसाच्या रायफलीत २०० ग्रेनची गोळी आणि ७२ ग्रेन दारू धरली तर आकडा बावीसच्या घरात जातो. तिथे ब्रेकवर वाद घालण्यात अर्थ नाही. क्रीडमूरचा धक्का मात्र माझा खांदा दिवसभर मुकाट सोसतो.

तरीही ब्रेक हवासा वाटतो, कारण गोळी कुठे लागली ते दिसत नाही. पोटावर झोपून ४०० यार्डांवरच्या पांढऱ्या प्लेटवर नेम धरला, मॅग्निफिकेशन १८. चाप ओढला की स्कोपमधलं चित्र उडतं, आधी गवत, मग आभाळ. चित्र जागेवर येईपर्यंत प्लेट झुलत असते. लागली एवढं कळतं, कुठे लागली ते शेजारी दुर्बिणीतून बघणाऱ्या स्पॉटरला विचारायचं. पेनसिल्वेनियातल्या मित्राची रायफल जवळजवळ अशीच, पण ब्रेकवाली. तिच्यातून तीच प्लेट मारली तेव्हा चौकट जरा हलली, पण प्लेट आतच राहिली. चाराच्या काट्यावर रंग उडून करडा ठिपका उमटताना मी स्वतः पाहिला. वारा कमी धरला गेला होता. पुढची गोळी कुठे टाकायची हे कुणाला विचारावं लागलं नाही.

इथे एक उलटं गणित आहे. ब्रेक म्हणजे फार लांबच्या माराची चीज असं आपण समजतो. पण १००० यार्डांना या गोळीला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात चित्र सावरतं आणि गोळी बसताना दिसते. ४०० यार्डांना जेमतेम अर्धा सेकंद. ब्रेकचे पैसे वसूल होतात ते या मधल्या पल्ल्यात.

किंमत मोजायची ती कानांनी. बिनब्रेकच्या रायफलचा आवाजही १६० डेसिबलच्या आसपास असतो, आणि अशा क्षणिक आवाजाची मर्यादा १४० धरतात. ब्रेक तोच स्फोट मागे, आपल्या नि शेजाऱ्याच्या तोंडावर फेकतो. बोळे आणि वर मफ्स असं दुहेरी घातलं तरी दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. एकावर दुसरं चढवून पाचेक डेसिबलच जास्त मिळतात. आमच्या रेंजला वर पत्रा आहे. ब्रेकवाला आला की शेजारचा बेंच आपोआप मोकळा होतो, आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही. शिवाय धक्का घटला तरी दणक्यानं डोळे मिटायला लागले, तर दिसण्याचा फायदा गेलाच.

सायलेन्सर का नाही, असं विचाराल. अमेरिकेतल्या १९३४ च्या कायद्यातला सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर २०२६ पासून शून्यावर आलाय, कागदपत्रं मात्र सुटलेली नाहीत. मी राहतो न्यू जर्सीत आणि इथे तो बाळगायलाच बंदी. विषय संपला.

दुसरी वाट वजनाची. फोरएंडखाली (दस्त्याच्या पुढच्या भागाखाली) दोन पौंडांची पोलादी पट्टी लावून पाहिली. कागदावर धक्क्याची ऊर्जा सातव्या हिश्शानं घटली, प्रत्यक्षात चित्र कमी उडतं एवढं जाणवलं; प्लेट अजून चौकटीबाहेर जातेच. पीआरएसमध्ये (वेगवेगळ्या आधारांवरून, ठरावीक वेळात लांबवर मारायच्या स्पर्धा) वीस पौंडांच्या रायफली का दिसतात ते आता पटलं. पट्टी ठेवणार आहे, ती कुणाचे कान फोडत नाही.

नियमांचंही पाहायला हवं. पीआरएसमध्ये ब्रेक चालतो, एफ-क्लासमध्ये (झोपून, आधारावरून लांबच्या कागदी लक्ष्यावर मारायचा प्रकार) नाही. ऑलिंपिक नेमबाजीचे नियम ठरवणाऱ्या आयएसएसएफच्या रायफल प्रकारांतही बंदीच, त्यामुळे कोल्हापूरकडे थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) करणाऱ्यांना हा सगळा खटाटोप परग्रहावरचा वाटेल. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते पॉइंट टू टू या हलक्या काडतुसावर; तिथे धक्का हा प्रश्नच नसतो.

मला पीआरएस आणि एफ-क्लास दोन्ही करायचंय, म्हणून निर्णय असा: ब्रेक घ्यायचा, पण लॉकनटवाला. तोंडं सरळ करून नट आवळला की झालं. चेपणारा वॉशर नको. पोर्ट (वायू सोडणारी भोकं) दोन्ही बाजूंना हवेत, खाली एकही नको, नाहीतर झोपून मारताना धूळ उडून समोरचं दिसायचं बंद होईल. पत्र्याखाली आणि एफ-क्लासला टोपी, उघड्या मैदानावर ब्रेक.

टोकाचं वजन बदललं की गोळी बसण्याची जागाही सरकते. म्हणून १०० यार्डांवर टोपीचा झीरो (नेम तिथेच गोळी, अशी स्कोपची जुळणी) आणि ब्रेकचा झीरो असे दोन्ही घेऊन, फरक स्कोपच्या क्लिकमध्ये मोजून दस्त्यावर चिकटवणार. काढून परत लावल्यावर ब्रेकचा झीरो जागेवर येतो का, ते त्याच दिवशी तपासायचंय. नाही आला तर ब्रेक कायमचा राहील आणि एफ-क्लाससाठी मित्राची जुनी ३०८ काडतुसाची रायफल मागून घेईन.