कोल्हापूर ते बेळगाव: सवलत हद्द बघून की आधार बघून?

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून बेळगावला जाणाऱ्या बायकांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी आधी एक गोष्ट समजून घ्यावी. एसटीची सवलत ठरते बस कुठल्या राज्यातून धावतेय त्यावर, आणि कर्नाटकाची सवलत ठरते तुमचं घर कुठल्या राज्यात आहे त्यावर. एवढं ध्यानात ठेवलं की कंडक्टरशी वाद घालायची वेळ येत नाही. आमच्या बसमध्ये मात्र तो वाद कागलच्या आधीच सुरू झाला होता.

मी आणि आई निघालो होतो बेळगावला, वडगावात राहणाऱ्या मावशीकडे. आईला शहात्तरावं चालू आहे. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून बाईमाणसाला कुठल्याही वयात निम्मं. पण हे सगळं महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. कागल सुटलं, दूधगंगेचा पूल ओलांडला आणि कोगनोळी आली की पुढचं भाडं आईला पूर्ण आणि मलाही पूर्ण. मागच्या सीटवरचे एक आजोबा "मी पंच्याहत्तरीच्या वरचा, माझ्याकडून पैसे कसले घेता" म्हणून अडून बसले होते. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "आजोबा, कागलला उतरा, एक रुपया घेत नाही."

ओळखपत्राचं सांगते. माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही. एसटीत बाई दिसली की निम्मं तिकीट फाडतात, ती कुठल्या गावची हे विचारत नाहीत. आईचं आधार मात्र नीट बघितलं. जुन्या आधार कार्डांवर पूर्ण जन्मतारीख नसून नुसतं साल असतं, त्यावरून पुष्कळदा घोळ होतो. घरातल्या म्हाताऱ्यांचं कार्ड तसं असेल तर निघण्याआधी दुरुस्त करून घ्या. तारीख खरी असली पाहिजे असं काही नाही म्हणा. आमच्या आईच्या पिढीतली निम्मी माणसं शाळेच्या दाखल्यावर १ जूनलाच जन्मलेली आहेत.

आता पैशाचं. कोल्हापूर ते बेळगाव साधारण ११० किलोमीटर, आणि त्यातलं महाराष्ट्रात जेमतेम वीस. म्हणजे कोल्हापूरहून निघणाऱ्या बाईचे वाचतात किती, तर चहा-वड्याचे. त्यासाठी एसटीच पाहिजे म्हणून स्टँडवर तासभर थांबण्यात अर्थ नाही. कर्नाटकाची गाडी आधी लागली तर बसून मोकळं व्हावं. पुण्याहून थेट बेळगावला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथं अडीचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता महाराष्ट्रातला आहे, तेव्हा मुद्दाम एसटीच बघा. कर्नाटकाच्या गाडीत महाराष्ट्राच्या हद्दीतही ही सवलत मिळत नाही. चंदगडकडच्या बायकांचंही बरं आहे. शिनोळी महाराष्ट्रात, आणि तिथून बेळगाव हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बहुतेक सगळा प्रवास निम्म्या तिकिटात होतो. दोन्हीकडची भाडी २०२५ च्या जानेवारीत वाढली: कर्नाटकाची ५ तारखेला १५ टक्के, एसटीची २५ तारखेला १४.९५ टक्के. कुणी जुने आकडे सांगितले तर त्यावर जाऊ नका.

बेळगावात उतरल्यावर खरी गंमत. शहर बस तिथं महापालिकेची नाही, वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची आहे, म्हणजे खेड्यापाड्यांत जाणाऱ्या गाड्या ज्यांच्या, त्यांचीच. त्यामुळे कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना फुकट प्रवास देणारी, कर्नाटक सरकारची ११ जून २०२३ पासूनची 'शक्ती' योजना शहर बसलाही लागू. मावशी आम्हाला घ्यायला सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर आली होती. वडगावच्या गाडीत कंडक्टरनं "आधार तोरिसी" म्हटलं, मावशीनं कार्ड दाखवलं, यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट आलं. मावशी अजून साठीचीही नाही. शहात्तराव्या वर्षातल्या तिच्या थोरल्या बहिणीला मात्र पूर्ण तिकीट, कारण आधारवर जिल्हा कोल्हापूर. आई दिवसभर मावशीला "सरकारची लाडकी" म्हणत होती.

महाराष्ट्रातल्या बाईला शक्तीचा उपयोग नाही, हे धरूनच चला. अडचण होते ती लग्न होऊन तिकडे गेलेल्या मुलींची. आमच्या शेजारी बसलेली इचलकरंजीची एक मुलगी बेळगावच्या अनगोळात दिलेली. पत्ता अजून माहेरचा, म्हणून रोज पैसे भरून कामावर जाते. आधारवरचा पत्ता बदलणं हाच त्यावर उपाय. मतदार ओळखपत्र किंवा लायसन्सही चालतं, पण त्यावर कर्नाटकातला पत्ता हवा. पॅन कार्डवर पत्ताच नसतो, त्यामुळे ते पुढे करून उपयोग नाही. शून्याचं तिकीट असलं तरी ते मागून घ्या आणि उतरेपर्यंत सांभाळा. सरकार महामंडळाला पैसे देतं ते याच तिकिटांच्या हिशोबावर, आणि चेकर आला तर तो तिकीटच मागणार.

बाहेरगावी जातानाही शक्ती चालते, पण साध्या आणि एक्सप्रेस गाड्यांना. राजहंस, स्लीपर, एसी गाड्या त्यातून वगळल्या आहेत, आणि परराज्यात जाणारी गाडीही. म्हणून मावशी कोल्हापूरला यायची ती तुकडे पाडून येते. बेळगाव ते निपाणी कर्नाटकाच्या गाडीनं फुकट, निपाणीला उतरून एसटी, म्हणजे कोगनोळीपर्यंत पूर्ण आणि पुढे निम्मं. पैसे वाचतात हे खरं, पण निपाणीच्या स्टँडवर पिशव्या घेऊन उभं राहायची तयारी पाहिजे. गुडघे दुखणाऱ्यांनी या फंदात पडू नये. आईनं तर ऐकूनच हात जोडले.

शहरात फिरताना पाट्यांची धास्ती घेऊ नका. त्या कानडीत असतात, पण शहापूर, टिळकवाडी, वडगाव, येळ्ळूर या बाजूंच्या गाड्यांत निम्मी बस मराठीच बोलते; जायचं ठिकाण सांगितलं की कुणीतरी हात धरून योग्य दारात नेऊन सोडतं. बेळगावातल्या गाडीत मी फोनवरून पैसे दिले तेही चालले, तरी दहा-वीसच्या नोटा जवळ असू द्या. पुरुष मंडळींना शक्तीची सवलत नाही आणि गर्दीत बसायलाही मिळत नाही. निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव ठेवायचा नियम कागदावर आहे.

आणि निघायच्या दिवशी सकाळी स्टँडवर चौकशी करा. सीमाप्रश्न तापला की सगळ्यात आधी एसटी थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हेच झालं होतं. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, आणि बेळगावात भरणाऱ्या कर्नाटक विधानसभेच्या अधिवेशनाचे दिवस शक्यतो टाळा. जाणं अगदीच गरजेचं असेल तर कागलपर्यंत गाड्या मिळतात का ते बघा आणि तिथून निपाणीपर्यंतची सोय आधीच फोन करून ठरवून ठेवा. निपाणीच्या पुढे कर्नाटकाच्या गाड्या असतात.