डावीकडे ओढणारं हॉवरक्राफ्ट

आमच्या गोदीत येतात मच्छीमारी बोटी आणि बार्जेस. चिखलीच्या खाडीत प्रात्यक्षिक करून आलेलं, हवेच्या गादीवर तरंगत चालणारं छोटं हॉवरक्राफ्ट "डावीकडे ओढतंय" म्हणून आणलं, तेव्हा सगळे आधी रडरलाच, म्हणजे सुकाणूलाच भिडले. केबल ताणली, पंख्याची पाती तपासली, इंजिन उघडायचीही तयारी झाली. मालक कंपनीचे साहेब फोनवर इंजिन किती तास चाललं तेवढंच विचारत होते. इंजिन महाग, म्हणजे दोष तिथेच, हा समज बोटींच्या बाबतीतही माझ्या डोक्याला ताप आहे.

क्राफ्ट आधाराच्या लाकडी घोड्यांवर चढवून मी टॉर्च घेऊन खाली शिरलो. पंखा हवा खाली ढकलतो, तळाभोवतीचा लवचिक पडदा, म्हणजे स्कर्ट, ती कोंडून धरतो. त्या दाबामुळे वजन सगळ्या तळावर पसरतं, म्हणून माणसाचा पाय रुततो त्या चिखलावरून हे निघून जातं. २५ जुलै १९५९ ला एसआर-एन१ हे ब्रिटिश हॉवरक्राफ्ट कॅलेहून डोव्हरला इंग्लिश खाडी ओलांडून गेलं, तेव्हा त्याला स्कर्ट नव्हताच. ते जेमतेम वीतभर वर तरंगत होतं. स्कर्ट आला आणि लाटा, दगड ओलांडणं जमू लागलं. त्याच्या खालच्या कडेला रबर चढवलेल्या नायलॉनच्या सुट्या पट्ट्या असतात, त्यांना फिंगर म्हणतात. दगड आला की तेवढीच फिंगर मागे वाकते, बाकीच्या हवा धरून ठेवतात. फाटली तर एकटी बदलता येते. इतकी शहाणी रचना मी बोटीत कुठे पाहिलेली नाही.

डावीकडच्या लागोपाठ चार फिंगर टोकाला कापलेल्या होत्या. झिजलेल्या कडेला तंतू सुटतात. इथे ब्लेडने मारल्यासारखा सरळ छेद. हवा तिथून पळायची, ती बाजू बसून पाण्याला घासायची. रडर तर पंख्याच्या मागच्या झोतात असतो, तो एवढी ओढ कशी सावरणार?

एका छेदात शिंपल्याचा तुकडा अडकला होता. ओहोटीला तो घेऊन खाडीवर गेलो आणि तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढणाऱ्या एका मावशींना दाखवला.

"थंय कालवां आसात," त्यांनी खडकाकडे बोट केलं. "आमचे पांय कापतात."

तो खडक प्रात्यक्षिकाच्या मार्गातच होता. मार्ग ऑफिसात आखलेला. "हॉवरक्राफ्ट कुठेही चालतं" या एका वाक्यावर खडक, कालवं, सगळं विसरलं गेलं. त्या मावशींना कोणी विचारलं नव्हतं.

मला राग याचा येतो की हे यंत्र चिखलात अडकलेल्या माणसापर्यंत पोचण्यासाठी असतं. इंग्लंडात मोरकँबच्या उपसागरात बचावासाठी ते याच कारणाने ठेवलंय. बोट पोचत नाही, पायी जाता येत नाही, आणि भरतीचं पाणी चढत असतं. अशा वेळी एक बाजू बसली तर?

साहेबांनी सुट्या फिंगर ठेवायचा खर्च नाकारला. मी चांगल्या बाजूची एक फिंगर उतरवून तिच्या मापाने चार कापल्या, बसवल्या, आणि खडकाची जागा कागदावर काढून बिलाला जोडली. परवा फोन आला: पुन्हा प्रात्यक्षिक आहे, मार्ग तोच. मी कागदाची आठवण केली. "इंजिन बघून ठेवा," एवढंच उत्तर मिळालं.