आमची वाटचाल: डार्करूमपासून टिफ फाइलपर्यंत

वडिलांनी गिरगावात स्टुडिओ थाटला तेव्हा काम ब्लॅक अँड व्हाइटचं होतं. पासपोर्ट फोटो, मुंजी, साखरपुडे आणि गणपतीत चाळीचाळींतले ग्रूप फोटो. रोल बहुधा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’, आणि मागच्या खोलीत डार्करूम. पुढे रंगीत रोल आले, मग डिजिटल कॅमेरे आले आणि रोल धुवायला टाकणारी माणसं कमी होत गेली. मुंबईतल्या बहुतेक स्टुडिओंची हीच गोष्ट आहे, ती लांबवत नाही.

आमचा धंदा वळला तो २६ जुलै २००५ च्या पुरानंतर. कुर्ला, कालिना, मिलन सबवेच्या आसपासची मंडळी भिजलेले अल्बम घेऊन येऊ लागली. प्रिंट एकमेकांना चिकटून वाळले होते, ते सुटत नव्हते. निगेटिव्ह मात्र स्वच्छ पाण्यात भिजवून बरीचशी सुटी करता आली. लोकांच्या घरात खरा ठेवा प्रिंटचा नसून निगेटिव्हचा आहे, हे तेव्हा आम्हाला आणि गिऱ्हाइकांनाही एकदमच उमगलं. तेव्हापासून स्कॅनिंग हे आमचं मुख्य काम झालं.

स्कॅनर घेणं सोपं होतं. फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये द्यायची, हे ठरवायला जास्त विचार लागला. त्या काळी लॅबवाले रोलबरोबर सीडी देत, त्यात छोट्या जेपेग फाइली असत. पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटला त्या पुरत, त्याहून मोठं काही काढलं की फोटो फुटायचा. आम्हाला वाटलं, आजोबांचा एकुलता एक फोटो जर पुन्हा कधी स्कॅन होणार नसेल, तर फिल्ममध्ये जे आहे ते सगळं फाइलमध्ये उतरलं पाहिजे.

यात निगेटिव्हचा स्वभाव महत्त्वाचा. रंगीत निगेटिव्हवर नारिंगी झाक असते आणि त्यातला उजेड-अंधाराचा पल्ला आखूड असतो. चित्र उलटवून नेहमीच्या रंगात आणताना हा पल्ला ताणावा लागतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. त्या ताणल्या की आकाशात पट्टे दिसू लागतात आणि शालूच्या घड्या सपाट होतात. टिफ हा चित्राचा तपशील न गाळता साठवणारा फाइलचा प्रकार. १६ बिटच्या टिफमध्ये याच पायऱ्या ६५,५३६ असतात, त्यामुळे रंग उडालेली निगेटिव्हसुद्धा सावरता येते. शिवाय जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळतं आणि फाइल सुधारून पुन्हा सेव्ह केली की पुन्हा गाळतं. नुसती कॉपी केल्यानं काही बिघडत नाही. बिघडेल अशी भीती अनेकांच्या मनात असते म्हणून मुद्दाम सांगतो.

टिफच का, हे गिऱ्हाईक अजूनही विचारतात. हा फॉरमॅट १९८६ पासून आहे, त्याची ६.० ही आवृत्ती १९९२ ची, आणि त्याचं तपशीलवार वर्णन कुणालाही वाचता येतं. जगभरची संग्रहालयं मूळ प्रतीसाठी तो वापरतात. उलट कोडॅकची फोटो सीडी पाहा. १९९२ मध्ये आली, चित्राचा दर्जा उत्तम होता, पण फॉरमॅट कंपनीनं आपल्याजवळच ठेवला. आज ती फाइल उघडायला प्रोग्रॅम शोधत फिरावं लागतं. आमचं दुकान उद्या असो वा नसो, घरच्यांना आपले फोटो उघडता आले पाहिजेत, यावर आम्ही ठाम आहोत. पीएनजी, डीएनजी हे दुसरे फॉरमॅटही आम्ही वापरून पाहिले. दोन्ही वाईट नाहीत, पण छपाईवाल्यापासून नातवाच्या लॅपटॉपपर्यंत सगळीकडे बिनबोभाट चालावं असं आम्हाला टिफच वाटलं. तेही कॉम्प्रेस न करता. १६ बिटच्या स्कॅनवर एलझेडडब्ल्यू ही फाइल दाबून लहान करायची पद्धत लावली तर फाइल लहान होण्याऐवजी कित्येकदा मोठीच होते.

आकार मोठा होतो, हे खरं. ३५ एमएमची एक फ्रेम ४००० डीपीआयला (म्हणजे इंचाला ४००० ठिपके) स्कॅन केली की सुमारे १२८ एमबी. छत्तीस फ्रेमचा रोल म्हणजे जवळपास एक अख्खी डीव्हीडी. लालबागचे एक काका म्हणाले होते, “अहो, मोबाईलवर दिसलं म्हणजे झालं की!” त्यांचंही बरोबर आहे. म्हणून प्रत्येक फ्रेमच्या दोन फाइली देतो: हात न लावलेली टिफ आणि रंग सुधारून, धूळ काढून, एसआरजीबी या स्क्रीनवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत बनवलेली जेपेग. टिफ कपाटात, जेपेग हातात. जेपेग व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिकडे ती पुन्हा दाबली जाते.

ब्लॅक अँड व्हाइटसाठी १६ बिट ग्रेस्केल (फक्त काळ्या-पांढऱ्यातल्या छटा) घेतो, रंग नसताना तिप्पट जागा अडवण्यात अर्थ नाही. इथे स्कॅनरमधलं, न दिसणाऱ्या किरणांनी धूळ ओळखून काढणारं इन्फ्रारेड मात्र चालत नाही, कारण फिल्ममधली चांदी ते किरण अडवते आणि यंत्राला चित्रच कचरा वाटतं. ब्लोअर, मऊ ब्रश आणि मग स्क्रीनवर एकेक ठिपका, असं आमच्या मुली तासन्‌तास बसून करतात. पैसे बहुतेक त्याचे असतात, स्कॅनचे थोडेच.

फोटोत कोण आहे, कुठल्या साली, कुणाच्या लग्नात, हे मराठीतच फाइलच्या आत लिहून देतो, वेगळ्या कागदावर नाही. ती माहिती फाइलबरोबर जाते. यासाठी घरातल्या मोठ्यांना आणा, असा आग्रह धरतो. मावशी आल्या की एका फ्रेममागे अर्धा तास जातो, जाऊ दे.

फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. निगेटिव्ह टाकून देऊ नका, सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी दर वर्षी येते. आमच्याकडच्या प्रती आम्ही पावसाळ्याआधी चेकसमनं (फाइल बिघडली का ते दाखवणाऱ्या आकड्यानं) तपासतो आणि जुनी डिस्क बदलतो.

सध्या दादरच्या एका बंद झालेल्या स्टुडिओतल्या हाफ प्लेट आकाराच्या (सुमारे पावणेपाच बाय साडेसहा इंच) काचेच्या निगेटिव्ह आल्या आहेत. २४०० डीपीआयला एका काचेची ग्रेस्केल टिफ साडेतीनशे एमबीच्या वर जाते. दर अजून ठरलेला नाही, फॉरमॅट ठरलेला आहे.