अलिबागला निघताना आधी तिथी बघा

नांदेड, परभणी, लातूरकडून अलिबागला निघणारी मंडळी आधी सुट्टी बघतात, मग रेल्वेचं तिकीट, मग खोली. कुलाबा किल्ल्यात पायी जायचं असेल तर सगळ्यात आधी बघायची ती तिथी. किल्ला किनाऱ्यासमोर खडकावर आहे. ओहोटीला वाट उघडी पडते, भरतीला चारी बाजूंनी पाणी. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि तिथी म्हणजे चंद्राचाच हिशेब.

कोकणातला जुना आडाखा सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊला. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून एक-दोन असंच मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला किंवा कोळी बांधवांना विचारून घ्यावी.

इथं बरेच जण फसतात. आडाख्याप्रमाणे अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. वेळ सोयीची दिसते. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही, तसंच फार उतरतही नाही, आणि ऐन ओहोटीलाही वाटेवर पाणी राहू शकतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी लांब हटतं, पण ओहोटी भल्या पहाटे नाहीतर दिवस मावळताना येते. म्हणून द्वितीया ते चतुर्थीची सकाळ चांगली. दुपारच हवी असेल तर द्वादशी-त्रयोदशी. ओहोटी तीन-चारच्या सुमाराला मिळते. किल्ल्यात आंग्रेकालीन सिद्धिविनायकाचं मंदिर आहे. चतुर्थीला सकाळी ओहोटी आणि गणपतीचं दर्शन, दोन्ही एकदम साधतं.

ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीच्या वाटेला लागा. पाणी वळल्यावर आधी मधल्या सखल जागा भरतात. पुढं वाळू कोरडी दिसते आणि मागं घोट्याएवढं पाणी झालेलं असतं. अडकलात तर चालत यायचं धाडस करू नका. होडी मिळेल का ते विचारा, नाहीतर किल्ल्यातच पुढच्या ओहोटीची वाट बघा.

आत गेल्यावर तटाच्या दगडांवर हात ठेवून बघा. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिथंच तिचा जोर मोडतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचं काम सुरू करवलं आणि पुढं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं झालं. चहूकडं खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसानं त्या विहिरीपाशी पाच मिनिटं थांबावंच.

पायात मागं पट्टा असलेली सँडल हवी. चप्पल ओल्या वाळूत रुतून निघते आणि अनवाणी पाय खडकाला चिकटलेल्या कालवांनी (शिंपल्यांनी) कापतो. त्यांची कड पत्र्यासारखी धारदार असते, खाऱ्या पाण्यात ती जखम फार चुरचुरते. हिरवं शेवाळ दिसेल तिथं पाय देऊ नका.

विहिरीत, गोदावरीत पोहलेल्यांना समुद्राची भीती वाटत नाही, ती वाटायला हवी. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं. तेव्हा कंबरेपुढं जाऊच नये. ओढले गेलात तर सरळ किनाऱ्याकडं हात मारून दम घालवू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या, मग वळा.

आपल्याकडं ४२ अंशांतही घाम वाळतो. तिथं ३३ अंशांत तो अंगावर तसाच राहतो, शरीर थंड होत नाही आणि माणूस दुपारीच गळून जातो. जीन्स घरी ठेवा, सुती कपडे घ्या. माणशी दोन लिटर पाणी आणि मीठ-साखर-लिंबू सोबत असू द्या.

देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरून गेटवेवरून मांडव्याची बोट धरता येते. प्रवास तासाभराचा, पुढं अलिबाग साधारण २० किलोमीटर. पण यात सकाळची ओहोटी हुकते, म्हणून एक दिवस आधी पोचा. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. स्वतःची गाडी असेल तर पुणे, खोपोली, पेण, वडखळ हा रस्ता. गाडी वाळूवर उतरवू नका. चाक रुतलं की जोरात रेस दिल्यानं ते आणखी खोल जातं, आणि तेवढ्यात भरती येते. परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या, नाहीतर खारानं पत्रा गंजतो.