छत्री कुणावर धरलीय? ए.टी.डी.च्या सराव पाठांचा माझा अनुभव

मागच्या वर्षी माझं ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा, चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम) संपलं. दोन वर्षांत स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, हात दुखेस्तोवर काम केलं, पण त्याची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची सराव पाठांची, म्हणजे शाळेत जाऊन खऱ्या वर्गावर घ्यायच्या पाठांची, त्यात कलेच्या इतिहासाचा पाठ वाट्याला आला की पोटात गोळाच यायचा. चित्र आपण काढून दाखवू शकतो, पण दोन हजार वर्षांपूर्वीचं शिल्प नववीच्या चाळीस पोट्ट्यांसमोर 35 मिनिटं शिकवायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हे कोणी नीट सांगतच नाही. पुढच्या बॅचच्या कोणाच्या कामी आलं तर यावं म्हणून लिहितेय.

माझा पहिला पाठ अजिंठ्यावर. टाचण अगदी टापटीप, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, सगळे मथळे लाल पेनानं. आत माहितीचा नुसता पूर, 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली, पहिला टप्पा इसवी सनापूर्वीचा, दुसरा पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेण, आधी मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, मग रंग. मी बोलतेय, फळ्यावर लिहितेय, पोरं खाली मान घालून उतरवून घेतायत, एकदम शांत. मनात म्हटलं वा, काय वर्ग सांभाळला आपण!

मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षक मॅडमनी शेऱ्यात एकच ओळ लिहिली होती, "माहिती भरपूर, चित्र किती मिनिटे दाखवले?" हिशोब केला तर पद्मपाणीची, म्हणजे अजिंठ्यातल्या हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्राची, प्रिंट मी जेमतेम दोन मिनिटं हातात धरली होती, तीही ए-फोर, म्हणजे शेवटच्या बाकावरून पद्मपाणी बोटाएवढा. आणि अजून एक गोष्ट नंतर रात्री आठवली न तेव्हा कपाळावर हात मारला. हरिषेण वाशीमच्या शाखेचा, म्हणजे विदर्भातलाच, आणि वाकाटकांची दुसरी शाखा नंदिवर्धनची, म्हणजे आपल्या रामटेकजवळचं नगरधन, जिकडं ही पोरं दरवर्षी सहलीला जातात. मी त्यांना राजाचं नाव लिहून दिलं, पण तो आपल्याकडचा आहे हेच सांगितलं नाही.

दुसऱ्या पाठाआधी आमच्या सरांनी तीन प्रश्न दिले. चित्रात काय चाललंय, तुला हे कशावरून वाटतं, आणि अजून काय दिसतं. ही पद्धत अमेरिकेतली, अ‍ॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनवाइन या दोघांनी बसवलेली, शिक्षकानं कमी बोलायचं आणि पोरांना बघू द्यायचं. मला लय आवडली, कारण पाठांतर कमी.

या वेळी विषय सांचीचा स्तूप. नागपूरच्या बर्डी बाजारात जाऊन ए-थ्रीच्या चांगल्या चार रंगीत प्रिंट काढल्या, प्रोजेक्टरच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलंच होतं (लाइट गेलीच त्या दिवशी). पूर्वेच्या तोरणावरची, म्हणजे दगडी कमानीवरची, मधली कोरीव पट्टी घेतली. त्यात एका नगराच्या दारातून घोडा बाहेर पडतो, पाठीवर कोणीच नाही, पण वर एकानं छत्री धरलेली. तोच घोडा पुढं पुन्हा, परत पुन्हा. शेवटी दोन पावलं, त्यांच्यावर छत्री. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग आहे हा, आणि सांचीच्या तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात दाखवलेलेच नाहीत, कुठं बोधिवृक्ष, कुठं चक्र, कुठं रिकामं आसन, कुठं पावलं.

मी विचारलं, काय चाललंय? एक पोरगा म्हणे, "मॅडम, पाऊस येऊन राह्यला, म्हणून छत्री." मी म्हटलं, छान! दुसरा म्हणे लग्नाची वरात. छान! तिसरा म्हणे घोडे विकायला नेतायत. अरे वा, छान! पोरं खुश, वर्गात नुसता गलका, मीही खुश. शेवटपर्यंत पाऊस, वरात आणि घोडेबाजार तसाच राहिला आणि बेल झाली. मॅडमनी बाहेर आल्यावर शांतपणे विचारलं, "पाऊस तुम्ही मान्य केला का?" तीनपैकी मधला प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता, "कशावरून" हा, आणि खरं काम तर तोच करतो.

परीक्षेच्या पाठाआधी मधे पंधरा दिवस होते. अजब बंगल्यात दोनदा जाऊन आले, नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय हो, 1863 चं, आपण लहानपणी भुसा भरलेले प्राणी बघायला जायचो तेच. या वेळी शिल्पांच्या दालनात एकेका मूर्तीसमोर दहा-दहा मिनिटं उभी राहिले आणि स्वतःलाच तो मधला प्रश्न विचारला. सांगायला लाज वाटते, पण चार मिनिटांनंतर मलाही काही दिसेना. मग बाजूची पाटी वाचली आणि एकदम हातातली वस्तू, आसन, सगळं दिसायला लागलं. त्या पद्धतीत शिक्षकानं मधे माहिती घालूच नये म्हणतात, ते मला तेव्हापासून पटत नाही. घालावी, पण पोरं अडली की मग.

परीक्षेचा पाठ दुसऱ्या शाळेत, तीच पट्टी. सुरुवात दीक्षाभूमीपासून केली. 14 ऑक्टोबर 1956 पोरांना तोंडपाठ, पण तिथला स्तूप सांचीवरून घेतलाय हे निम्म्यांना माहीत नव्हतं. दोन्ही फोटो शेजारी लावले. मग म्हटलं, आपल्याकडं आत जाता येतं, सांचीचा भरीव आहे, साडेसोळा मीटर उंच आणि आत जायला दारच नाही. एक पोरगी म्हणाली, "मग लोकं तिथं जाऊन करतात काय?" मी उत्तर नाही दिलं, स्तूपाभोवतीच्या कठड्याचा फोटो दाखवला. कठडा आणि स्तूप यांच्यामधली वाट बघून तिनंच हवेत बोटानं गोल काढला, "फिरतात."

मग घोडा. पाऊस आलाच, इथंही! या वेळी विचारलं, कशावरून? "छत्री आहे न." मी गप्प. खिडकीजवळचा एक बोलला, "काऊन बे, पाऊस असता तर बाकीच्यांवर काऊन नाही धरली? रिकाम्या घोड्यावरच धरली." वर्ग थांबला. मग एकानं मोजले, एकामागे एक चार घोडे. कोणी म्हणे, चार नाही, एकच आहे, पुढं पुढं चाललाय. आता मी सांगणार होते, पण शेवटच्या बाकावरची इंदोऱ्याची, नागपुरातल्या बौद्ध वस्तीतली, मुलगी उठली, "मॅडम, तो कंथक आहे, सिद्धार्थाचा घोडा." आणि पूर्ण गोष्ट तिनंच सांगितली, छन्न सारथ्यासकट. खाली परत येणाऱ्या घोड्याकडं बोट दाखवून म्हणाली, "याच्यावर छत्री नाही, कारण सिद्धार्थ उतरले."

हे माझ्या टाचणात नव्हतं. बुद्ध तिथं माणसाच्या रूपात का दाखवत नव्हते हा मुद्दा मी तेव्हा घातला, दोन वाक्यांत, आणि पोरांनी तो न सांगता वहीत लिहिला.

उपयोजन, म्हणजे शिकलेलं वापरून बघायचा भाग, राहिलं ते राहिलंच, फळ्यावर गृहपाठही लिहिता आला नाही. शेरा आला, "वेळेचे नियोजन नाही." खरंच नव्हतं. प्रिंट गुंडाळत होते तर तो खिडकीजवळचा आला, म्हणे मॅडम, ही एक देऊन द्या न. चाळीस रुपयांची होती, दिली.