आगमनकाळापूर्वीची साफसफाई

वसईतल्या आमच्या चर्चमध्ये आज आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांच्या, तयारीसाठी साफसफाई झाली. वेदीवरच्या वस्त्रावर सांडलेले मेण बर्फाने कडक करून खरवडले, उरलेला डाग टीपकागद ठेवून कोमट इस्त्रीने उतरवला आणि पितळी दीपदाने चिंचेने घासून लगेच कोरडी केली. पावसाळ्यात पोपडे आलेल्या जुन्या भिंतीला प्लास्टिक रंग लावण्याची सूचना मला मुळीच पटली नाही. चुन्याच्या गिलाव्यातली ओल बाहेर पडायला चुन्याचीच सफेदी हवी, मग ती वरचेवर द्यावी लागली तरी चालेल. देवाच्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहणेही आपल्याला पुरे, असे बायबलमधल्या 84 व्या स्तोत्राचा कर्ता म्हणतो. बाकांखालची धूळ काढताना (गुडघे कुरकुरत असतानाही) त्या वचनाने मला खरोखर बळ दिले. पंखे पुसायचे मात्र अजून राहिले आहेत.